नळाला चपलेशिवाय हात लावू नका

मी हिरवी वायर बोलतेय. अर्थिंगची. ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे. तुमच्या घरी गरम पाण्याचा गॅसचा बॉयलर असेल, तर त्याच्या पोटात माझ्यासारखी एक असतेच. एक लाल, एक काळी आणि तिसरी मी. ती तिसरी कुठे जोडलीय, कुठे नुसतीच लोंबतेय, हे तुम्ही कधी वाकून बघितलंय का? नाही ना? वाटलंच मला.

आत्ता मी अंगणात एका जुन्या वर्तमानपत्रावर पडलेय. समोर या घरातले आजोबा बसलेत आणि त्यांच्या हातात पक्कड आहे. तेव्हा वेळ फार नाही, जे बोलायचं ते भराभर बोलून घेते. गोड बोलेन अशी मात्र आशा ठेवू नका. या घरात राहून मला माणसांचा इतका वीट आलाय की काही विचारू नका.

आम्ही तिघी एका कारखान्यात एकत्रच जन्मलो. तांब्याच्या बारीक तारा पिळल्या, त्यावर रंगीत प्लास्टिकचं कातडं चढवलं आणि तिघींना मिळून एका जाड पांढऱ्या नळीत घातलं. पुढे बॉयलरच्या कारखान्यात आमचं एक टोक बॉयलरला जोडलं ते एका चष्मेवाल्या बाईंनी. हात भारी कडक! प्रत्येक स्क्रू आवळला की वायर ओढून बघायच्या. माझा स्क्रू त्यांनी आवळला, ओढून बघितला आणि पुन्हा आवळला. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "लाल नाहीतर काळी सुटली तर पाणी थंड राहील. ही सुटली तर माणूस थंड होईल." असं माझ्याविषयी चांगलं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

माझं काम सोपं आहे. बॉयलर म्हणजे एक लोखंडी पेटी. पाणी गॅसच्या ज्योतीवर तापतं, पण पंप फिरवायला आणि पाणी पुरेसं तापलं की गॅस तोडायला वीज लागते. ती वीज लाल घेऊन येते, काळी परत नेते. समजा, लालचं कातडं कुठे फाटलं आणि तिचं तांबं पेटीला टेकलं. मग पेटी, तिला जोडलेले पाइप, बाथरूममधले नळ, सगळ्यांत वीज उतरते. अशा वेळी मी तो सगळा लोंढा एका दमात जमिनीत नेऊन सोडते. तो इतका मोठा असतो की फ्यूज उडतो आणि सगळं बंद पडतं. माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. एरवी मी नुसती बसून असते. लाल मला चिडवायची, "आयतं बसून खा तू!" मीही हसायचे. तेव्हा मला हसू यायचं.

मग आम्ही या घरी आलो. घरात तिघं जण. ज्यांना सगळी गल्ली आजोबा म्हणते ते म्हातारे गृहस्थ, त्यांचा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात, आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी. बाथरूमच्या दारासमोर कपडे धुवायचा कोपरा आहे, तिथे भिंतीवर बॉयलर टांगायचं ठरलं.

आधी गॅसवाला आला. त्याने पाइप जोडले, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा येतो का बघत बसला. घरातले तिघेही त्याच्या मागे माना लांब करून उभे. वहिनींनी तर चार वेळा वास घेतला. पुढेही रोज सकाळी त्या पेटीजवळ नाक नेऊन हुंगायच्या. गॅसची भीती कशी अगदी जागेवर! विजेला वास नाही ना, म्हणून तिची कोणाला पर्वा नाही.

गॅसवाला गेला आणि वायरिंग करणारा आला. त्याचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. येता-जाता "झटपट करून देतो" म्हणायचा, म्हणून त्याला सगळे झटपटराव म्हणत. त्याने पान थुंकावं तशा शिंकरून-खाकरून तीन-चार पिचकाऱ्या मोरीत मारल्या आणि मग कामाला हात घातला. शी! त्याच हातांनी त्याने माझं टोक सोललं.

घराची अर्थिंगची पट्टी मागच्या भिंतीला, मीटरजवळ. माझ्यासाठी तिथून इथवर वायर ओढून आणायला हवी होती. झटपटरावांनी भिंतीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि पक्कड उचलली.

"या हिरवीचं काय करायचं?" दादाने विचारलं. एवढं तरी विचारलं, त्याबद्दल त्याचे उपकार.

"ही होय? ही कंपनीवाले उगाच देतात हो. नियम असतो ना त्यांचा. हिच्यावाचून काही अडत नाही."

"नक्की ना?"

"माझ्या स्वतःच्या घरी नाहीये दादा, आता बोला!"

यावर दादा खूश. माणसांना कोणी ठणकावून खोटं सांगितलं की किती बरं वाटतं! झटपटरावांनी मला कचकन तोडलं, माझ्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि मला मागे दुमडून पेटीच्या कोपऱ्यात कोंबलं. फटीतून बाहेरचं दिसायचं, एवढंच.

वायर पेटीत शिरते त्या भोकाची कड पत्र्याची असते, धारदार. तिथे रबराचं कडं बसवतात. ते या महाशयांच्या हातून निसटलं आणि कपाटाखाली गेलं. वाकायला नको, म्हणून तसंच राहिलं. स्विच कुठे बसवावा? बॉयलरच्या मागे, पार वर, जिथे स्टुलावर चढूनही दादाची बोटं जेमतेम पोचतात. फ्यूजमध्ये बारीक तार हवी, तर हा म्हणतो, "जाड टाकतो, म्हणजे सारखा उडायचा नाही." जाताना तोडलेला माझा तुकडा जमिनीवर पडला होता. वहिनींनी तो उचलला, कशासाठी माहितीये? फरशी पुसायचं फडकं टांगायला! माझ्या समोरच्या खिळ्याला माझंच अंग बांधलेलं आणि त्यावर ते काळं, ओलं, कुबट फडकं टपटप गळतंय. रोज सकाळी डोळे उघडले की हेच दर्शन.

पंप सुरू झाला की पेटी थरथरते. थरथरली की लाल त्या पत्र्याच्या धारेवर घासते. ती मला म्हणायची, "अगं, इथे काहीतरी टोचतंय." मी काय करणार? तोंडाला पट्टी बांधलेली. तिचं कातडं रोज थोडं थोडं झिजत गेलं. त्यात त्या कोपऱ्यात कायम वाफ आणि ओल. हळूहळू पेटीत वीज झिरपायला लागली. घरात येणारा पाण्याचा पाइप प्लास्टिकचा, म्हणून ती जमिनीत जाईना. ती बाथरूमच्या नळावर येऊन बसली.

पहिल्यांदा दादाला मुंग्या आल्या. "च्यायला, नळ चावला!" म्हणत तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. आता कोणी शहाणा माणूस काय करेल? यांनी काय केलं ऐका. यांनी बाथरूमच्या दारात रबरी चपलांचा एक जोड आणून ठेवला. झालं काम! चपला घालायच्या, नळाला टॉवेलने धरायचं आणि खुशाल आंघोळ करायची. पाहुणा आला की वहिनी हसत सांगायच्या, "डावीकडे साबण, उजवीकडे गरम पाणी, आणि नळाला चपलेशिवाय हात लावू नका हं." पाहुणाही मान डोलवायचा! एकालाही वाटलं नाही की, अहो, हे काय चाललंय?

आणि आजोबांची तर तऱ्हाच निराळी. त्यांचा उजवा खांदा बरीच वर्षं आखडलेला. एकदा चुकून नळाला हात लागला, झिणझिण्या खांद्यापर्यंत गेल्या आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"दवाखान्यात याच शेकाला रांग लावून बसतात लोक," ते वहिनींना म्हणाले. "मला घरबसल्या मिळतोय. खांदा कसा लोण्यासारखा मोकळा झालाय बघ!"

तेव्हापासून रोज सकाळी बोटांची टोकं नळाला टेकवून, डोळे मिटून आजोबा उभे. तोंडाने "आहाहा!" बरं, एकट्याने थांबावं की नाही? फिरायला जाणारे त्यांचे एक मित्र होते, गुडघ्यांनी बेजार झालेले. एक दिवस त्यांनाही घेऊन आले. ते काका पँट वर करून नळाला गुडघा लावून उभे राहिले आणि किंचाळून मागे पडले, तर आजोबा म्हणतात, "सवय लागते हो हळूहळू!" मृत्यू दारात येऊन बसलाय आणि हे त्याच्याकडून अंग रगडून घेतायत.

असेच दिवस चालले असते, पण ताई माहेरी आली. ताई म्हणजे आजोबांची मुलगी, दादाची धाकटी बहीण. तिच्या काखेत चार महिन्यांची पोरगी. सगळे तिला पिटुकली म्हणत. लोण्याचा गोळाच, आणि पायांत बोटाएवढं बळ नाही. आली त्याच दिवशी वहिनींनी सवयीप्रमाणे तो मंत्र म्हटला. "आणि नळाला चपलेशिवाय हात लावू नका हं."

ताई थबकली. "का?"

"अगं काही नाही, जरासा करंट येतो," दादा म्हणाला. "मुंग्या येतात, बस."

"कधीपासून?"

"असेल... झाले की बरेच दिवस. आम्हाला काही वाटत नाही आता."

"तुम्हाला वाटत नसेल दादा!" ताईचा आवाज चढला. "पिटुकलीला काय चपला घालून आंघोळ घालू मी?"

एवढ्या वर्षांत या घरात एक तरी अक्कलेचं वाक्य ऐकलं, म्हणून मला भरून आलं. ताईने साफ सांगितलं, नळ दुरुस्त होईपर्यंत पिटुकलीला या बाथरूममध्ये आणणार नाही. तिला स्वयंपाकघरात ओल्या कपड्याने पुसून काढायची. दादाने झटपटरावांना फोन लावला. ते म्हणाले, "झटपट येतो." मग "उद्या नक्की." मग फोनच उचलला नाही. इकडे लालचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याएवढं उरलं होतं. ती आता माझ्याशी बोलायचीही नाही.

शेवटी एका दुपारी झटपटराव उगवले. दादा कामावर, वहिनी आणि ताई पिटुकलीला डॉक्टरकडे घेऊन गेलेल्या. घरात एकटे आजोबा. दार उघडून बघतात तर हा.

"नळात करंट येतोय म्हणे?"

आजोबांनी एकदा बाथरूमकडे बघितलं. मी बघत होते. त्यांचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

"नाही हो, आता नाही येत," आजोबा म्हणाले. "थांबला आपोआप. जा तुम्ही."

आणि तो गेला! एक शब्द विचारला नाही. काम टळलं म्हणून शीळ घालत गेला. दोघांपैकी कोणाची जास्त किळस करावी तेच मला कळेना.

संध्याकाळी दादाने विचारलं, "बाबा, झटपट आला होता का?"

"येऊन गेला," आजोबा म्हणाले. खोटं नव्हतंच ना ते! आला होता आणि गेलाही होता. म्हातारपणी माणसं अशी नेमकी बोलतात. दादाने नळाला हात लावून बघायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. वहिनींनी चपलांचा जोड उचलून बाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अनवाणी बाथरूममध्ये शिरली. स्टीलचा टब नळाखाली ठेवला, फरशीवर पाणी सांडलेलं, त्यातच ती पाटावर बसली. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली पिटुकली. मायलेकींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, म्हणजे ताई बोलत होती आणि पोरगी हुंकार देत होती. "आज आपल्याला खरीखुरी आंघोळ! गरम गरम पाणी!"

कोपऱ्यात पंप सुरू झाला. पेटी थरथरली. आणि लाल माझ्या कानाशी रडल्यासारखी बोलली, "अगं, मी उघडी पडले." ती धारेला टेकली होती. झिरपणं संपलं होतं, आता सगळीच्या सगळी वीज पेटीवर, पाइपवर, नळावर. मी तिथेच होते हो! लालपासून वीतभर अंतरावर. मी जोडलेली असते तर त्याच क्षणी फ्यूज, त्या जाड तारेसकट, उडाला असता. पण माझं टोक पट्टीत गुंडाळलेलं, आणि उरलेलं अंग समोर फडक्याला बांधलेलं. बाळाची आई नळाकडे हात नेतेय आणि मी नुसती बघतेय. इतका संताप मला कधी आला नव्हता.

दारात आजोबा उभे होते. त्यांची चुळबुळ चालली होती. ओठ हलत होते, पण खरं बोलायची हिंमत होईना.

"थांब गं," ते एकदम म्हणाले. "पाणी फार कढत येतं सकाळी. आधी मी बघतो."

"बाबा, मी बघते ना!"

"थांब म्हटलं ना! हात मागे घे."

ते अनवाणीच आत आले. ओल्या फरशीवर पाय रोवून त्यांनी नळ धरला. रोज बोटांची टोकं टेकवायचे, आज नळ उघडायचा म्हणून मुठीत धरला. आणि मूठ पुन्हा उघडलीच नाही.

त्यांचं तोंड वाकडं झालं. आवाज फुटेना. अंग काठीसारखं ताठलं. ताई "बाबा!" म्हणून ओरडली आणि पिटुकलीला एका हाताने छातीशी धरून दुसरा हात त्यांच्याकडे नेला.

"हात लावू नकोस!" वहिनी धावत दारात आल्या होत्या. "मागे हो! पोरीला घेऊन मागे हो!"

त्यांनी बॉयलरच्या स्विचकडे बघितलं. तो पार वर, पेटीच्या मागे. तशाच त्या वळल्या, बाहेरच्या दारामागचा मेन स्विच गाठला आणि खाड्कन खाली ओढला. घर अंधारलं. पंप थांबला. आजोबा धाड्कन फरशीवर पडले. फ्यूज मात्र जागच्या जागी मजेत होता. माणसाच्या अंगातून वीज गेली तर फ्यूजला काही कळत नाही. त्याला कळवायचं काम माझं होतं.

आजोबा वाचले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजव्या तळहाताला बँडेज होतं आणि दोन बोटं कायमची आखडलेली. खांदा तर पूर्वीसारखाच! खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "झटपट आला होता. मीच त्याला परत पाठवला. माझ्या शेकासाठी." दादा लालबुंद झाला, काय काय बोलला. जसा काही हा स्वतः मोठा धुतल्या तांदळाचा! ताईने पिटुकलीला उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या बंद दाराकडे आजोबा बराच वेळ बघत होते. झटपटरावांनी फोनवर हात वर केले, "मी तर आलो होतो बुवा!"

मग दुसरा वायरमन आला. तोंडाचा अगदी फटकळ. पेटी उघडून त्याने माझ्या टोकाची पट्टी सोडली आणि म्हणाला, "तुम्ही माणसं जिवंत कशी आहात?" मला त्याची पप्पीच घ्यावीशी वाटली. त्याने मागच्या भिंतीपासून नवी वायर ओढली, भोकाला रबराचं कडं बसवलं, फ्यूजमध्ये मापाची तार घातली, स्विच हाताशी आणला. अंगाला जरासा झटका बसला तरी आपोआप वीज तोडेल असा आणखी एक स्विच मेनजवळ लावला. शेवटी नळापाशी करंट तपासायचं छोटं मीटर धरून दादाला दाखवलं आणि मगच गॅस पेटवला. जुनी वायर मात्र आता नको म्हणाला. आम्हा तिघींना त्याने बाहेर काढलं. मी तोकडी, लाल सोललेली, काळी बिचारी उगाचच भरडली गेली.

आणि हा दादा! त्याने आम्हाला उचललं, लांबी बघितली आणि काय म्हणाला असेल? "चांगली आहे की अजून. थोडी पट्टी मारली तर इस्त्रीला होईल."

इस्त्रीला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप मरता मरता वाचला, भाची वाचली आणि याला पट्टी मारून इस्त्री करायचीय! अरे, तुमच्या डोक्यात मेंदू आहे की फडकं?

दादा आम्हाला माळ्यावर टाकणार होता. तेवढ्यात आजोबा उठले. त्यांनी आम्हाला त्याच्या हातातून घेतलं. मग कोपऱ्यात जाऊन ते कुबट फडकं खाली टाकलं, खिळ्याला बांधलेला माझा तुकडा सोडला आणि तोही सोबत घेतला. अंगणात वर्तमानपत्र पसरून बसले. उजव्या हाताने पक्कड धरता येत नाही, म्हणून डाव्याने धरलीय. आमचे बोटाबोटाएवढे तुकडे करतायत, म्हणजे कोणाला कशालाच जोडता येणार नाही. काळी संपली. लाल आत्ताच संपली. जाताना एवढंच म्हणाली, "तुला उगाच चिडवलं मी."

आजोबांना मी माफ केलं असं समजू नका. अजून त्यांच्याकडे बघितलं की मला ते डोळे मिटून "आहाहा!" करणं आठवतं. पण आज त्यांच्या हातात मी अंग आखडून घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या घरी नळाला हात लावला की मुंग्या येत असतील, तर चपला शोधू नका. आधी मेन बंद करा. मग जाणत्या माणसाला बोलवा, पेटी उघडायला लावा आणि माझी हिरवी बहीण कुठे जोडलीय ते त्याला विचारा. "काही अडत नाही" म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आतून पाण्याचा आवाज येतोय. ताई पिटुकलीला आंघोळ घालतेय, आणि पोरगी आनंदाने किंचाळतेय. दारात चपला नाहीत. आजोबांनी मान वर करून आवाज ऐकला आणि डोळे पुसले. आता त्यांनी मला उचललंय. तोडा आजोबा, चांगली बारीक तोडा.